पाठ किनाऱ्याकडे, तोंड समुद्राकडे

तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, कुणावर विश्वास ठेवत नाही, हे धक्क्यावरच्या मांजरांनासुद्धा माहीत होतं. मांजर जवळ आलं की तो आधी टोपली झाकायचा आणि मग त्या मांजराकडे असा रोखून बघायचा, की काही न चोरताच ते बिचारं ओशाळून निघून जायचं. डिझेलच्या डब्यावर तेल कुठवर आहे त्याची खिळ्याने रेघ मारलेली. वल्ह्यांना साखळी आणि साखळीला कुलूप. आता वल्हं कोण चोरणार, तुम्हीच सांगा! पण त्याला विचारायची सोय नाही. तो डोळे बारीक करून उलट तुम्हालाच विचारणार, "का हो? तुम्हाला कशाला हवीय वल्ह्यांची चौकशी?"

त्याच्या बायकोने लग्नाचा फोटो आतल्या खोलीत लावलाय. त्यात बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि नवरदेव बघतोय दाराकडे, कारण दाराशी त्याचे नवे बूट काढून ठेवलेले. "माझ्याकडे नाही बघितलं हो, बुटांकडे बघितलं," असं ती आल्यागेल्याला हसून सांगते. तो ऐकत असेल तर एवढंच म्हणतो, "गेले नाहीत ना बूट? मग झालं तर."

हा संशय काही त्याच्या अंगात आभाळातून पडला नव्हता. त्याचा बापही मासेमारच, पण तोंडाचा सैल. बापाला एक जागा सापडली होती, भरभरून मासळी देणारी, आणि ती त्याने गप्पांच्या नादात एका दोस्ताला सांगून टाकली. पुढच्या हंगामात त्या जागेवर अर्ध्या धक्क्याच्या होड्या. बापाला बसायला जागा नाही! पुढे बापाने दुसरी जागा शोधली आणि मग मात्र तोंडाला असं कुलूप घातलं, की स्वतःच्या मुलालाही ती शेवटपर्यंत कळू दिली नाही. दवाखान्यात अगदी जायच्या वेळी नर्सला पाणी आणायला पिटाळलं, आणि पोराचा कान धरून खाली ओढून त्यात सांगितली. ही एवढीच काय ती तांडेलाची इस्टेट. होडी जुनी, इंजीन कुरकुरणारं, घर भाड्याचं. पण जागा त्याची एकट्याची.

आता भर पाण्यात ना पाटी असते ना कुंपण, मग जागा ओळखायची कशी? किनाऱ्यावरच्या दोन वस्तू धरायच्या, एक जवळची आणि एक तिच्यामागे लांबची. तांडेलाची जवळची खूण म्हणजे बंद पडलेल्या गिरणीची चिमणी, आणि लांबची म्हणजे मागच्या टेकडीवरची पांढरी पाण्याची टाकी. टाकी चिमणीमागे बरोब्बर लपली, की होडी रेषेवर आली. मग नांगर सोडायचा आणि दोर किती गेला त्यावरून खोली बघायची. खाली खडकांच्या मधोमध एक घळ होती. दोन्ही बाजूंना असे दातेरी दगड, की अंदाजाने कुणी जाळं टाकलंच तर वर चिंध्या यायच्या. म्हणून लोक त्या बाजूला फिरकत नसत.

शरदात वारा पडला, पाणी निवळलं की खाडीत वाढलेली बोय, म्हणजे ती जाड पाठीची रुपेरी मासळी, थव्याथव्याने समुद्रात निघते. जाताना या घळीत विसावा घेते. वर्षाची खरी कमाई ती याच दिवसांत. पुढे थंडी पडली की किनाऱ्याजवळ काही उरत नाही.

होडी दोघांची होती. म्हणजे मालक तांडेल, पण एकाने सुकाणू धरायचं आणि एकाने जाळं ओढायचं, त्यामुळे दुसरा माणूस लागायचाच. तो दुसरा माणूस म्हणजे तांडेलाचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. बाप गेल्यापासून तोच. लग्न केलं नाही, मागच्या खोलीत राहायचा, जेवण बहिणीकडे. बोलणं कमी. तांडेल दिवसभर तोंडाचा पट्टा चालवायचा आणि हा "हं" म्हणायचा, असं त्यांचं वर्षानुवर्षं झकास चाललं होतं.

फक्त एक नियम होता. होडी जागेजवळ आली की मेहुण्याने पुढच्या टोकाला जाऊन बसायचं, पाठ किनाऱ्याकडे, तोंड समुद्राकडे. तांडेल मागे वळून खुणा जुळवणार, त्या वेळी मेहुण्याने मान फिरवायची नाही. नांगर पडल्यावर फिरायचं. पहिल्या दिवशी तांडेलाने हे सांगितलं तेव्हा मेहुणा म्हणाला, "हं." आणि तेव्हापासून एकदाही त्याने मागे बघितलं नव्हतं. निदान तांडेलाने त्याला तसं पकडलं नव्हतं.

यंदा पहिल्याच फेरीला जाळं वर आलं ते हलकं. मूठभर मासळी, आणि तळाची दोरी जागोजागी तुटलेली. दुसऱ्या फेरीला तेच. तिसऱ्या वेळी तर जाळ्याला एवढं भोक, की त्यातून म्हैस आरामात गेली असती. चिमणी जागेवर, टाकी तिच्यामागे जागेवर, खोली हातभर कमी, पण ओहोटीला तेवढी चालायचीच, आणि मासळी नाही! तांडेलाच्या मनात पाल चुकचुकली. नुसती चुकचुकली नाही, तिने तिथे बिऱ्हाडच केलं.

"आपल्या आधी कुणीतरी येऊन जातंय," तो बायकोला म्हणाला. "मासे नेतात आणि जाताना जाळं कापून ठेवतात."

मेहुणा अंगणात जाळं शिवत बसला होता. त्याने मान वर न करता सांगितलं, "कापलेलं नाही हे. घासून फाटलंय."

"तुला बरं कळतं!" तांडेल म्हणाला, आणि लगेच त्याच्या डोक्यात आलं, याला कसं काय कळतं?

सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्याला एक सूत मिळालं की पुरे. त्यातून धक्क्यावर यंदा एक नवा माणूस आला होता. त्याची होडी फायबरची, इंजीन दणदणीत, म्हणून सगळे त्याला फायबरवालाच म्हणायचे. हसून बोलायचा, सगळ्यांना चहा पाजायचा. आणि रोज टोपल्याच्या टोपल्या बोय उतरवायचा. एवढी बोय येते कुठून? तांडेल त्याच्या टोपल्यांकडे असा बघायचा, जणू प्रत्येक मासा आपल्या नावाचा आहे. आणि एका सकाळी त्याने पाहिलं, की धक्क्याजवळच्या चहाच्या टपरीवर फायबरवाला आणि मेहुणा समोरासमोर बसलेत. फायबरवाला हातवारे करून काही समजावतोय आणि मेहुणा खाली मान घालून ऐकतोय. तांडेल जवळ गेला तसे दोघेही गप्प.

"काय म्हणत होता रे तो?"

"काही नाही."

काही नाही! तांडेलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून त्याला घरात, होडीत, सगळीकडे पाणी मुरताना दिसायला लागलं. मेहुण्याच्या अंगात नवं जाड जाकीट. कुठून आलं? मेहुणा हल्ली बोलायला तोंड उघडतो आणि पुन्हा मिटतो. काय लपवतोय? घरातल्या नळाला यंदा पाणी धो धो यायला लागलं होतं, तर तांडेलाला तेही बरं वाटेना. "उगाच कुणी एवढं पाणी देत नाही. वर कुठेतरी काहीतरी शिजतंय," तो भरलेल्या बादलीकडे बघून म्हणाला.

"पाणी आलं तरी तुमचं पोट दुखतं," बायको म्हणाली. "भरा ती बादली मुकाट्याने."

मग तांडेलाने काय करावं? दाढीचा आरसा नेला होडीवर. इंजिनाच्या झाकणाला तारेने असा बांधला, की आपण किनाऱ्याकडे तोंड करून खुणा जुळवत असताना पुढे बसलेला मेहुणा त्यात दिसावा. मेहुण्याने आरसा बघितला, तांडेलाकडे बघितलं, आणि काही न बोलता पुढे जाऊन बसला. टाकी चिमणीमागे लपली. तांडेलाने आरशात डोळा घातला. मेहुण्याने मागे वळून बघितलं नाही. पण समुद्राकडे बघत त्याने हळूच मान हलवली. नाही, नाही, अशी. तांडेलाने चटकन वळून समुद्राकडे नजर टाकली. दूर फायबरची होडी चालली होती.

खूण केली! याने तिकडे खूण केली! "आज नको, आम्ही आलोय," असं सांगितलं असणार! राग तर होताच, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला रडू येत होतं. ज्या माणसाशेजारी आपण भाकरी खाल्ली, ज्याला लाटेत कमरेला धरून वर ओढलं, तोच निघाला घरभेदी. त्या दिवशीही जाळं फाटून आलं.

धक्क्याला लागल्यावर त्याने दोर बांधायचीही वाट बघितली नाही. सगळे होते तिथे. मासळीवाल्या बायका, बर्फवाला, फायबरवाला आपल्या टोपल्यांसह.

"ही बघा माझी मासळी!" तांडेल ओरडला आणि रिकामी टोपली त्याने फायबरवाल्याच्या पायाशी उपडी केली. "आणि ही त्याची! कुठून आली विचारा. माझ्या बापाची जागा विकली यानं! माझ्या घरात जेवून!"

त्याचं बोट मेहुण्याकडे होतं. फायबरवाला काही बोलणार होता, पण मेहुण्याने हाताने त्याला थांबवलं. तो तांडेलाकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा रागावलेला नव्हता. दमलेला होता.

"भाऊजी," तो म्हणाला, "उद्या एक दिवस सुकाणू माझ्या हातात द्या. मग मी उतरतो होडीवरून. कायमचा."

घरी बायकोने ताट वाढलं, पण समोर बसली नाही. भांडी घासत पाठमोरीच बोलली. "एवढी वर्षं तो तुम्हाला पाठ दाखवून बसला, कारण तुम्ही सांगितलंत म्हणून. दुसरा कुणी बसला असता? आज चारचौघांत चोर म्हणालात. माझ्या भावाला!" तिने हातातलं पातेलं आपटलं. "तो गेला ना, तर या घरात मी तुमच्याशी कामापुरतंच बोलेन. सांगून ठेवते."

तांडेलाला जेवण गेलं नाही. पण संशय म्हणाल तर तो उपाशीपोटी आणखीच तरतरीत होतो. उद्या हा सुकाणू घेऊन काय करणार? होडी खडकावर घालणार? त्याने उठून हवा भरलेली एक जुनी ट्यूब होडीत नेऊन ठेवली, न जाणो.

सकाळ स्वच्छ होती. पाणी शांत. मेहुण्याने सुकाणू धरलं आणि तांडेलाला म्हणाला, "पुढे बसा. समुद्राकडे तोंड करून."

"मी?"

"तुम्हीच. आणि मागे बघू नका."

तांडेल पुढच्या टोकाला जाऊन बसला. त्या फळीवर तो जन्मात कधी बसला नव्हता. पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही म्हणून त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. जागेवर आल्यावर तो कायम किनाराच बघायचा. समुद्राकडे असा निवांत त्याने कधी पाहिलंच नव्हतं. समोर काळा खडक पाण्यातून वर आलेला, आणि त्याच्या मागे, खूप लांब, दीपगृह.

"काळा खडक दिसतोय?" मागून आवाज आला.

"दिसतोय की. आंधळा आहे का मी?"

"आणि दीपगृह?"

"खडकाच्या उजवीकडे. जरा सुटं."

"यंदा तुम्ही जिथे जाळं टाकता, तिथून ते असंच सुटं दिसतं. मधे फट. काल आरशात मान हलवताना दिसलो असेन, ती त्यामुळेच. आता बघत राहा."

होडी सरकली. फट बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि दीपगृह खडकाच्या उजव्या अंगाला येऊन चिकटलं. मेहुण्याने इंजीन बंद केलं आणि नांगर सोडला. दोर गेला, आणि ज्या गाठीवर जायला हवा त्याच गाठीवर थांबला.

"ही तुमच्या बापाची जागा," मेहुणा म्हणाला.

तांडेल ताडकन उठला. होडी डुचमळली. "म्हणजे तुला माहीत होती! पकडलं की नाही? पकडलं! मागे वळून बघायचास तू!"

"मागे कशाला वळू? तुम्ही मला समुद्राकडे तोंड करून बसवलंत. समुद्राकडे खुणा नसतात का? पहिल्या हंगामातच दिसली मला. न बघून कुठे जाऊ? डोळे मिटून बसायला तुम्ही सांगितलं नव्हतंत."

तांडेलाने मागे वळून बघितलं. पांढरी टाकी चिमणीच्या बाजूला साफ उघडी दिसत होती. "पण खूण जुळत नाही ही! टाकी चिमणीमागे लपायला हवी."

"ती टाकी नाहीच ती. जुनी पाडली पावसाळ्यात, मासेमारी बंद होती तेव्हा. तिच्या शेजारी नवी बांधली, मोठी. म्हणून तर नळाला पाणी एवढं येतंय. तुम्ही नव्या टाकीवर खूण धरता आणि आपलं जाळं दगडांवर पडतं."

तांडेल पुन्हा फळीवर बसला. रोज पाणी देणारी टाकी त्याच्या नाकावर टिच्चून बदलली होती, आणि त्याने माणसांवर नजर ठेवण्यात ती बघितलीच नव्हती. पण सवय काही सुटते का? तो पुटपुटला, "आणि फायबरवाला?"

"त्याच्याकडे मासे दाखवणारं यंत्र आहे. तो पार पलीकडे जातो. त्याला मी ही जागा सांगितली असती, तर इथे तुमच्यासाठी शेपूट तरी उरलं असतं का?"

"मग टपरीवर काय बोलत होता?"

"कामाला ये म्हणत होता. जाकीटही त्यानेच दिलं, नको म्हटलं तरी अंगावर घातलं. तो रोज बोलवायचा. मी रोज नाही म्हणायचो."

दोघांनी जाळं सोडलं. हातांना काम माहीत होतं, बोलायची गरज नव्हती. थोड्या वेळाने ओढायला घेतलं तर ते हलेना. पहिला हात, दुसरा हात, आणि मग पाण्याखाली चकाकी दिसली. बोय! एकाला लागून एक, जाड पाठीची, शेपट्या आपटणारी. होडीचा काठ पाण्याला टेकायला आला तरी जाळं संपेना. बापाच्या वेळेनंतर एवढं कधी आलं नव्हतं. तांडेल हसायला लागला, मोठमोठ्याने, आणि हसता हसता त्याने वर बघितलं. मेहुणा हसत नव्हता. तो मासे सोडवत होता.

"अरे, मग आधीच बोलायचं ना!" तांडेल म्हणाला. "अर्धा हंगाम वाया गेला. पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस, की जागा चुकतेय, तर?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

तांडेलाने तोंड उघडलं. काय म्हणाला असता ते त्याला शब्दन् शब्द माहीत होतं. तुला कशी माहीत जागा? चोर! तेच म्हणाला असता, आणि जागा समोर दाखवल्यावरही मघाशी तेच म्हणाला होता. त्याने तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती कुठे ठेवावी हे कळेना.

"तू उतरू नकोस," तो खाली बघत म्हणाला. "यापुढे सुकाणू तूच धर. तोंड जिकडे करायचं तिकडे कर. मी चुकलो, बस्स. धक्क्यावर सगळ्यांसमोर म्हणतो, चुकलो."

मेहुण्याने हातातला मासा टोपलीत टाकला. "काल संध्याकाळी मी फायबरवाल्याला हो म्हणून आलो, भाऊजी."

"मग आज नाही म्हण!"

"नको. मला कंटाळा आला. कामाचा नाही. बोललो तर तुम्हाला काय वाटेल, गप्प बसलो तर काय वाटेल, मान खाजवली तर काय वाटेल. ताईकडे जेवायला येत जाईन. तेवढं मात्र राहू द्या."

तांडेलाने धक्क्यावर खरंच सगळ्यांसमोर कबूल केलं. मासळीवाल्या बायकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण मेहुणा गेला तो गेलाच. तांडेलाने एक भाडोत्री माणूस घेतला, आणि त्याला कुठे तोंड करून बस हे सांगायचं धाडस काही त्याला झालं नाही. बोय येत राहिली. टोपल्या भरत राहिल्या.

रोज सकाळी फायबरची होडी त्या बाजूने जायची. तिच्यावर जाड जाकीट घातलेला मेहुणा उभा दिसायचा. सुरुवातीला तांडेल श्वास रोखून बघायचा, आता वळेल, आता सांगेल तो, आता येतील जागेवर. होडी सरळ पुढे जायची. मग एक दिवस, जाळं हातात असताना, तांडेलाच्या मनात भलतंच आलं. वळावी ती. एकदा तरी वळावी, आपली जागा लुटून न्यावी, म्हणजे आपण म्हणत होतो ते खरं तरी ठरेल आणि रात्री नीट झोप तरी लागेल. तो जाळं तसंच धरून तिच्याकडे बघत राहिला. मेहुण्याने लांबून हात वर केला.

हंगाम संपेपर्यंत ती होडी एकदाही वळली नाही.